मानाचा वाटा आणि एका पायातला वाळा

सूर्य उगवून बरोबर दोन घटका झाल्या होत्या, खाटकानं दुकानाची फळी नुकतीच धुतली होती, तेव्हा ही गोष्ट सुरू झाली. कधीची म्हणाल, तर लहानथोरांनो, फार फार पूर्वीची. तिथल्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही.

त्या गावात एक रीत होती. बकरं कापलं की खाटीक पळसाच्या पानांवर वाटे लावायचा. पाठीचं बिनहाडाचं कोवळं मटण म्हणजे मानाचा वाटा, सगळ्यांत महाग. तो घेणाऱ्याचं नाव खाटीक साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं पुकारायचा. पाय आणि नळ्या नेणाऱ्या बायका मात्र तोंडावर पदर ओढून मागच्या बाजूनं यायच्या. त्यांचं नाव कोण पुकारतंय!

गावात एक आई होती. तिची अडीच वर्षांची लेक तापातून उठली, पण पायावर उभी राहीना. घास दिला की तोंड फिरवायची.

वैद्यबुवा म्हणाले, "औषध संपलं बाई. आता पोटात अन्न जायला पाहिजे. आठ दिवस रोज बिनतिखटाचा दाट रस्सा पाज. नाहीतर पोर अशीच झिजत जाईल."

आईला वाटलं, एवढं आजारी लेकरू, त्याला हलकंसलकं कसं घालायचं? तिनं लेकीच्या पायातला चांदीचा एक वाळा काढला आणि खाटकाकडं दिला.

"मानाचा वाटा! शेवटच्या आळीतल्या ताईंनी नेला हो!" खाटीक ओरडला. सगळा बाजार वळून बघायला लागला. आईला तेवढ्यातही जरा बरं वाटलं. आता वाटलं ते वाटलं, खोटं कशाला सांगू?

घरी येऊन तिनं मटण चुलीवर ठेवलं ते पार दुपारपर्यंत. मटण सुंभासारखं चिवट झालं आणि रस्सा पाण्यासारखा पातळ. लेकीनं एक घोट घेतला न् थुंकला. आई रडायलाच बसली.

दारात खाटकाचा कुत्रा येऊन बसला होता. तूप चोळल्यासारखं त्याचं अंग चकाकत होतं.

"तू रे काय खातोस एवढं?" आईनं डोळे पुसत विचारलं.

"माय, मटण जातं गावच्या सरदाराच्या घरी आणि नळ्या येतात माझ्याकडं. आता सरदाराचे गाल बघ आणि माझे बघ!" कुत्रा म्हणाला. "जा, माझ्या मालकाला विचार. तो खोटं बोलत नाही. पण विचारल्याशिवाय खरंही बोलत नाही."

दुसऱ्या दिवशी आई फळीपुढं उभी राहिली. "दादा, तुमचा मानाचा वाटा चुलीवर वाया गेला. असं कसं?"

"ताई, ते मटण तव्यावर दोन उलथण्यांत होतं. घाईच्या माणसानं त्याला पैसे मोजावेत, आणि मोजावेतच. तुम्हाला हवा रस्सा. तो नळ्यांतनं, पायांतनं उतरतो, मंद आचेवर."

"मग काल बोलला का नाहीत?"

"तुम्ही रस्स्याचं विचारलंत कुठं? तुम्ही मान मागितलात, मी मान दिला."

आईनं ओटीतली ज्वारी त्याच्या सुपात ओतली. तेवढ्या ज्वारीत आठ दिवसांच्या नळ्या ठरल्या.

रोज पहाटे मडकं चढायचं, दुपारी उतरायचं. पहिल्या दिवशी लेकीनं दोन घोट घेतले. चौथ्या दिवशी वाटी मागितली. आठव्या दिवशी भिंत धरून उभी राहिली आणि पाऊल टाकलं. एकाच पायात वाळा, म्हणून एकाआड एक पावलाला वाजला. त्या आईला विचारा, तो आवाज कसा लागला!

ती लेकीला कडेवर घेऊन तडक बाजारात गेली. मागच्या बाजूनं नाही, पुढून. "दादा, पुकारा! म्हणा, हिनं नळ्या नेल्या!"

खाटीक हसला आणि पुकारला. मागं उभ्या असलेल्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं. मग एकीनं तोंडावरचा पदर सारला, मग दुसरीनं, आणि त्या पुढं आल्या.

बोध एवढाच: महाग वाटा वाईट नसतो, पण घेताना बाजार काय म्हणेल ते बघू नये, आपल्या मडक्यात काय शिजवायचंय ते बघावं.

तुमच्या आळीत कुणाचं लेकरू आजारातून उठलं असेल, तर त्याच्या आईला ही गोष्ट तेवढी सांगा. तिच्या लेकराचा वाळा निघायच्या आधी सांगा.