न धुतलेली नळी

गावाबाहेरच्या टेकडीवर एक विद्यापीठ होतं आणि तिथे श्रीरंग नावाचा एक हुशार संशोधक ज्योतीतून भुकटी काढायचा. म्हणजे कसं, तर द्रावण एका बारीक नळीतून ज्योतीत फवारायचं. ते क्षणात जळतं आणि वरच्या गाळणीवर भुकटी जमते. इतकी बारीक, की तिचा एक कण साध्या सूक्ष्मदर्शकातूनसुद्धा दिसत नाही. श्रीरंगला कथिलाची अशी भुकटी हवी होती, जी गॅस गळाला की लगेच ओळखेल. त्याची सगळी पीएचडी त्यावर होती.

त्या प्रयोगशाळेचा एक नियम होता. काम सुरू करण्याआधी नळी तीनदा स्पिरिटने धुवायची, मग दहा मिनिटं नुसती ज्योत जाळायची. हिला सगळे कोरी ज्योत म्हणत. एके दिवशी पाहुणे यायचे होते आणि श्रीरंगला घाई होती. "धुतली असेल कोणीतरी," असं म्हणून त्याने थेट द्रावण भरलं. त्या दिवशीची भुकटी अशी निघाली की विचारू नका! गॅस जरासा सुटायचा अवकाश, यंत्राचा काटा ताडकन वर. त्याच्या मार्गदर्शक उपासनी मॅडमनी त्याला अगदी डोक्यावर घेतलं. शोधनिबंध छापून आला, कौतुक झालं.

पुढे काही महिन्यांनी त्याने तीच भुकटी पुन्हा केली, या वेळी नळी धुऊन. काटा ढिम्म हलेना. त्याने प्रयोगशाळेची नोंदवही उघडली. पाहुण्यांच्या त्या दिवशी, त्याच्या अगोदर, कोणीतरी त्याच नळीतून पॅलेडियम नावाच्या धातूचं द्रावण सोडलं होतं. थोडं नळीतच राहिलं होतं. सगळी करामत त्या उरल्यासुरल्या द्रावणाची होती! त्याने वही मिटली. उद्या सांगू, असं स्वतःला म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाला.

अशात शलाका आली. वाशीमकडची मुलगी, सरळ स्वभावाची आणि कामात नेटकी. मॅडमनी तिला श्रीरंगचंच काम पुढे न्यायला दिलं. ती रोज नळी तीनदा धुवायची, घड्याळ लावून कोरी ज्योत जाळायची, मगच द्रावण भरायची. इतकं सगळं नीट करायची, म्हणूनच तिची भुकटी काही केल्या गॅस ओळखेना. पाच वेळा झालं, पंधरा वेळा झालं, एकेचाळीस वेळा झालं.

"दादा, माझं काय चुकतंय?" तिने एकदा विचारलं.

श्रीरंग म्हणाला, "ज्योतीकडे नीट लक्ष देत जा."

अरे, काही वाटायला हवं की नको माणसाला! गप्प बसला होता तेवढं पुरे नव्हतं का? बोलून गेला खरा, पण त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या दिवसापासून तो तिच्या टेबलाला वळसा घालून जाऊ लागला.

वर्ष सरलं. एका सकाळी मॅडमनी श्रीरंगला खोलीत बोलावलं. शलाका आधीच येऊन बसली होती. टेबलावर तिचा अर्ज होता, पीएचडी सोडत असल्याचा. कारणाच्या जागी तिने लिहिलं होतं, 'माझ्या हाताला हे काम जमत नाही.'

"तू तिला सीनियर," मॅडम म्हणाल्या. "खाली तुझं मत लिही आणि सही कर."

श्रीरंगने पेन हातात घेतलं. आठ दिवसांनी त्याला प्रबंध सादर करायचा होता. एक ओळ लिहून सही केली असती, तर त्याचं गुपित कायमचं झाकलं गेलं असतं. पण शलाकाचं ते वाक्य त्याला वाचवेना. हे आपण तिच्याकडून लिहून घेतलंय, असं त्याला वाटलं आणि स्वतःची शिसारी आली.

"मॅडम, हात हिचा नाही चुकला," तो म्हणाला. "त्या दिवशी मी नळी धुतली नव्हती." मग त्याने नोंदवहीपासून सगळं सांगितलं. मान वर न करता सांगितलं.

"म्हणजे माझी भुकटी बरोबर होती?" शलाकाने हळूच विचारलं.

"हो. एकेचाळीसच्या एकेचाळीस वेळा."

"मी घरी आईला सांगितलं होतं, मला अक्कलच नाही म्हणून," ती म्हणाली आणि तोंड झाकून रडू लागली.

"शोधनिबंध मागे घ्यायचं पत्र तूच लिही," मॅडम श्रीरंगला म्हणाल्या. "तुझा प्रबंध थांबेल. नव्याने काम करशील, होईल पुरा. पण हिचं हे वर्ष मी कुठून परत आणू?"

श्रीरंगने तिथेच बसून ते पत्र लिहिलं.

शलाकाने अर्ज मागे घेतला आणि काम पुन्हा सुरू केलं. पण तिचा स्वतःवरचा भरवसा काही पहिल्यासारखा झाला नाही. एखादं काम झकास जमलं, तरी ती वळून विचारायची, "दादा, नक्की बरोबर आहे ना?" आणि दर वेळी 'हो' म्हणताना श्रीरंगची मान खाली जायची.

तात्पर्य: आपण झाकलेली चूक एखादा प्रामाणिक माणूस स्वतःची समजून वाहत राहतो, म्हणून लाज वाटली तरी चूक कळेल त्याच दिवशी सांगावी.