करपलेली खीर आणि विड्याचं पान

गोदाकाठच्या आसरखेड गावी निवांत महाराज दत्तमंदिराच्या ओवरीत राहत असत. दर्शनाला येणारा कुणी मोक्षाचं विचारी, कुणी मुलीच्या लग्नाचं. शिंप्याची गिरजा मात्र दर गुरुवारी पायांवर डोकं ठेवी आणि विचारी, "महाराज, दह्याला तार येतीय. काय करू?" आणि महाराजही तितक्याच गंभीरपणे सांगत, "विरजण जुनं झालंय, माय. शेजारणीकडचं आण, अन् दूध कोमट असताना लाव." बिचारीला घरात सासू नाही, माहेरी आई नाही. विचारणार तरी कुणाला?

हे ऐकून सगळ्यात जास्त हसू येई ते पाटलांच्या थोरल्या सूनबाईंना, कावेरीबाईंना. बाई गावातल्या नामांकित सुगरण. दत्तजयंतीच्या भंडाऱ्याची गव्हाची खीर हा त्यांच्या घराण्याचा मान, सासूबाईंच्याही सासूबाईंपासून चालत आलेला. चारचौघींत त्या म्हणत, "अगं गिरजे, कल्पवृक्षाखाली बसून कोथिंबीर मागतेस होय गं?" बायका खो खो हसत. गिरजाही हसे, पण मान खाली घालून.

त्या वर्षी जयंतीच्या आधीच्या गुरुवारी गिरजेने विचारलं, "महाराज, परवा घरी खीर करपली. पुन्हा करपली तर काय करावं?"

"सणाच्या तोंडावर काय अभद्र बोलतेस! माझ्या खिरीला दृष्ट लावतेस का?" शेजारी उभ्या असलेल्या कावेरीबाई कडाडल्या.

महाराजांनी तिकडे लक्षच दिलं नाही. तबकातलं विड्याचं एक पान उचलून त्यांनी गिरजेच्या हातावर ठेवलं. "तळ खरवडू नये. वरची खीर अलगद दुसऱ्या भांड्यात काढावी अन् हे पान टाकावं. जपून ठेव, माय." गिरजेने ते पान पदराच्या गाठीत बांधलं.

जयंतीचा दिवस उजाडला. उखळात सडून रात्रभर भिजवलेला गहू अगदी मऊ शिजल्यावरच कावेरीबाईंनी गूळ घातला. आधी घातला की गहू शिजायचं नाव घेत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. गिरजेला त्यांनी चुलीपासून लांब वेलदोडे सोलायला बसवलं होतं. तेवढ्यात मंडपातून निरोप आला. तालुक्याहून आलेल्या पाहुण्यांना खिरीची सुगरण पाहायची होती. कौतुक कुणाला नको असतं! बाई पदर सावरून उठल्या. "माझ्या कढईला कुणी हात लावायचा नाही," असं बजावून गेल्या.

मग हात कोण लावणार? खीर रटरटू लागली. गिरजा मंडपाच्या तोंडाशी जाऊन हाताने खुणा करू लागली, तर कावेरीबाईंनी मान फिरवली.

बाई परतल्या तेव्हा त्या चुलीपाशी पोचण्याआधीच करपल्याचा वास त्यांच्या नाकात शिरला. बाहेर पानं मांडून पंगत बसली होती. दुसरी खीर करायला ना वेळ होता ना गहू. एवढ्या पिढ्यांचा मान आज आपल्या हातून जाणार, या विचाराने त्या चुलीकडे धावल्या. त्यांनी उलथणं उचललं आणि तळ उकरायला घेतला. तोच गिरजेने त्यांचं मनगट धरलं.

"नका, बाईसाहेब! तळ हलला तर सगळी खीर जाईल."

एरवी बाईंनी हे खपवून घेतलं नसतं. आज त्यांनी मुकाट्याने उलथणं सोडलं. दोघींनी वरवरची खीर मोठ्या पातेल्यात काढली. करपट वास त्या खिरीलाही होताच. गिरजेने पदराची गाठ सोडली, आणि काय आश्चर्य! इतके दिवस गाठीत आवळलेलं पान आत्ताच वेलीवरून खुडल्यासारखं हिरवंगार, ओलं निघालं. हात जोडून तिने ते खिरीत सोडलं आणि वर झाकण ठेवलं. घरच्या तपेलीचा वास पानाने जातो, हे कावेरीबाईंनाही ठाऊक होतं. पण गावजेवणाचं पातेलं, आणि पान एकच! थोड्या वेळाने त्यांनीच झाकण काढलं. आतून गुळाचा खमंग वास आला, दुसरा कसलाच नाही. त्यांना रडूच कोसळलं.

पंगतीत लोकांनी पुन्हा पुन्हा खीर मागून घेतली. "अशी खीर आजवर झाली नव्हती!" असं म्हातारे म्हणू लागले, तेव्हा कावेरीबाईंना राहवेना. सगळ्यांसमोर महाराजांपुढे जाऊन त्या म्हणाल्या, "महाराज, या खिरीचं खरं सांगायचं तर मी गिरजेला..."

महाराजांनी हात वर केला. "तळ खरवडू नये, कावेरीबाई. जेवून घ्या."

काळीठिक्कर कढई मात्र बाईंनी कुणालाच घासू दिली नाही, स्वतः घासायला बसल्या. राख झाली, नारळाची शेंडी झाली. करपा काही निघेना. पुढच्या गुरुवारी ओवरीत गिरजेच्या मागे त्या रांगेत उभ्या राहिल्या. त्यांची पाळी आली तेव्हा ज्या बायका गिरजेला हसत, त्या सगळ्या तिथेच होत्या. कावेरीबाईंनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"महाराज, कढईचा करपा सुटत नाही. काय करू?"

महाराज तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "पाणी घालून ठेवा, माय. भिजलं की सुटतं."