निर्गुडीचा सदरा

त्या राज्यात प्रत्येक घराला एकच रंग होता. सशांचा पिवळा, मुंगसांचा निळा, पोपटांचा हिरवा, खारींचा करडा. पिल्लू जन्मलं की पहिल्या आंघोळीनंतर त्याच्या अंगावर त्या रंगाचा सदरा चढे आणि पुढे आयुष्यभर फक्त माप बदलत जाई. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळी घरं मोठ्या तळ्यातल्या बेटावर आठ दिवस राहायला जात. तिकडे नेणाऱ्या नावांच्या धक्क्यावर एक पाटी होती: एक घर, एक रंग, एक नाव. गर्दीत कुणाचं पोर हरवलं तर रंगावरून त्याचं घर सापडावं, म्हणून हा नियम झाला होता आणि तो बरा चालला होता.

बाजी मुंगूस आणि शेवंता सशीण यांनी लग्न केलं तेव्हा मात्र पंचाईत झाली. बाजीची पहिली बायको वारली होती आणि त्याला निर्गुडी नावाची मुलगी होती. शेवंताचा नवराही राहिला नव्हता. तिला गोप्या आणि पिंगी अशी जुळी होती. आता पाचही जण एकाच बिळात राहत, एकाच चुलीवरचं जेवत. पण लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत धक्क्यावरच्या म्हाताऱ्या कासवाने निळ्या दोघांना एका नावेत बसवलं आणि पिवळ्या तिघांना दुसऱ्या. निळ्यांची नाव बेटाच्या उत्तरेला लागली, पिवळ्यांची दक्षिणेला. मध्ये डोंगर होता. बाजी रोज एका बाजूने चढून माथ्यावर येई, शेवंता दुसऱ्या बाजूने, आणि दोघं तिथे बसून आपापली शिदोरी वाटून खात. जुळी एकदा आईबरोबर वर आली. निर्गुडी एकदाही आली नाही. "मला इथेच बरं आहे," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या वर्षी सुट्टीला पंधरा दिवस उरले असताना शेवंताने पाच कोरे पांढरे सदरे शिवले आणि अंगणात दोन हंडे मांडले. एकात नीळ कालवली. दुसऱ्यात झेंडूची फुलं उकळली आणि रंग धरावा म्हणून तुरटी टाकली. प्रत्येक सदरा खालून निळीत बुडवायचा, वरून झेंडूत, असं तिने सांगितलं.

"आणि मधे?" बाजीने विचारलं.

"मधे काय होईल ते मलाही माहीत नाही. कुणी केलंय कुठे अजून?"

जुळ्यांनी तेवढ्यात एकमेकांच्या कानांना पिवळे ठिपके लावले होते. बाजी बाह्या सरसावून हंडा ढवळायला बसला आणि मनगटापर्यंत निळा झाला. तो मुळातच निळ्या घरातला असल्याने ते बरेच दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही.

निर्गुडी मात्र दारातच उभी होती. तिच्या अंगात तिच्या आईने शिवलेला निळा सदरा होता. त्याच्या बाह्या आता कोपरापर्यंतच येत होत्या.

"मी याच सदऱ्यात येईन," ती म्हणाली.

"मग यंदाही दोन नावा," बाजीचा आवाज चढला. "एवढं सगळं करून काय उपयोग? मुकाट्याने घाल सांगितलेलं."

शेवंताने त्याला हाताने थांबवलं. पाचवा पांढरा सदरा आणि दोऱ्याचं एक रीळ घेऊन ती दारापाशी गेली आणि निर्गुडीसमोर खाली बसली.

"तो सदरा तुझ्याकडेच राहणार आहे. त्याला कुणी हात लावणार नाही," ती म्हणाली. "आणि हा नवा. यात कापड चिमटीत धरून दोऱ्याने घट्ट बांधलं की तेवढ्यात रंग शिरत नाही. तू बांधशील तेवढं तसंच राहील."

निर्गुडीने दोरा ओढून पाहिला. "आणि सगळाच बांधला तर?"

"तर सगळाच पांढरा राहील."

"कासव मग नेणार नाही."

"नाही नेणार. मग आपण पाचही जण घरी राहू. पण दोन नावांनी जायचं नाही, एवढं मी ठरवलंय."

निर्गुडी सदरा घेऊन आत गेली आणि तिने बांधायला सुरुवात केली. तिचं होईपर्यंत सगळ्यांचंच रंगवणं थांबलं. ती नखाने कापडाचा एवढासा चिमटा उचली, त्याभोवती दोरा सात-आठ वेळा करकचून गुंडाळी, गाठ मारी आणि शेजारचा चिमटा उचली. पहिल्या दिवशी तिने छाती बांधून काढली, दुसऱ्या दिवशी पाठ. तिसऱ्या दिवशी जुळी तिच्या दोन बाजूंना येऊन बसली. तिने त्यांना उठवलं नाही.

"आम्हालाही बांधून दे की," पिंगी म्हणाली.

"तुमचं तुम्ही बांधा."

गोप्याने दोरा गुंडाळला, तो लगेच सुटला. पुन्हा गुंडाळला, पुन्हा सुटला. निर्गुडी थोडा वेळ बघत राहिली, मग तिने त्याचा सदरा ओढून घेतला. "असं नाही. आधी चिमटा नीट धर. सैल बांधलंस तर रंग आत येतो." तिने त्याला दोन गाठी मारून दाखवल्या, पिंगीला तीन. संध्याकाळी शेवंता बोलवायला आली तेव्हा तिघं एकाच रिळातून दोरा ओढत बसली होती. ती आल्या पावली परत गेली आणि जेवण अर्धा तास उशिरा वाढलं.

रंगवायच्या दिवशी निर्गुडीचा सदरा मुठीएवढा झाला होता, नुसत्या गाठींचा गोळा. तिने तो स्वतःच खालून निळीत बुडवला, स्वतःच वरून झेंडूत बुडवला आणि सावलीत वाळत ठेवला. बाजी आणि शेवंतानेही आपापल्या सदऱ्यांना थोडे दोरे बांधून ते बुडवले. तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी आपापले दोरे सोडले. बाजीच्या सदऱ्यावर पोटापाशी मोठा थोरला डाग निघाला आणि जुळी हसून लोळली. शेवंताच्या सदऱ्यावर तिरपे पट्टे आले. निर्गुडी एकेक गाठ सोडत होती. दोरा निघाला की खाली पांढरं राहिलेलं दिसे, पण ते एकटं नसे. प्रत्येक पांढऱ्या ठिपक्याभोवती रंगाचं बारीक कडं उमटलं होतं, वर पिवळं, खाली निळं आणि मधल्या भागात हिरवं. शंभरावर कडी होती. शेवटची गाठ सुटली तेव्हा सगळे तिच्याभोवती गोळा झाले होते.

"माझ्या गाठी एवढ्या चांगल्या का नाही आल्या?" गोप्याने विचारलं.

"पुढच्या वर्षी जास्त बांधू," निर्गुडी म्हणाली.

धक्क्यावर सकाळपासून रांग होती. एका रंगाची घरं भराभर पुढे सरकत होती. या पाच जणांपाशी आल्यावर कासवाने चष्मा पुसला, मग रंगांची वही काढली आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली. मागे पोपटांचं मोठं घर खोळंबलं होतं.

"दोन सदरे एकसारखे नाहीत," कासव म्हणाला. "हे एक घर कसं? रंग कोणता तुमचा?"

बाजीने तोंड उघडलं, पण निर्गुडी आधीच पुढे झाली होती. तिने आपल्या सदऱ्याचा मधला हिरवा पट्टा बोटांनी ताणून धरला, मग पिंगीला ओढून तिचा पट्टा त्याला लावून धरला.

"हा. पाचही जणांना आहे, बघा."

"हिरवा पोपटांचा असतो."

"पोपटांचा सगळीकडे सारखा असतो. आमचा एका कडेला पिवळा होतो आणि दुसऱ्या कडेला निळा."

कासवाने मागच्या पोपटांकडे पाहिलं, पुन्हा सदऱ्यांकडे पाहिलं. मग वहीचं नवं पान उघडलं. "काय म्हणतात याला?"

निर्गुडीने शेवंताकडे पाहिलं. शेवंताने खांदे उडवले.

"अजून काही ठेवलं नाही," निर्गुडी म्हणाली.

कासवाने जागा कोरी सोडली, बाजूला पाचाचा आकडा घातला आणि नावेचा दोर सैल केला. पाचही जण एका नावेत चढले. गोप्याने नावेच्या टोकाला उभं राहून धक्क्यावरच्या सगळ्यांना हात केला, ओळखीच्यांना आणि अनोळख्यांनाही.

वारा होता. लाटांचे शिंतोडे नावेत येत होते आणि सगळे भिजून एकमेकांना खेटून बसले होते. पिंगीला उन्हाने आणि हेलकाव्यांनी झोप आली. तिने डोकं निर्गुडीच्या खांद्यावर टाकलं आणि तिच्या सदऱ्याचा ओला पिवळा गळा तिथेच टेकला. निर्गुडी बेट येईपर्यंत हलली नाही.

वाळूवर उतरल्यावर शेवंताच्या लक्षात आलं. निर्गुडीच्या खांद्यावरच्या एका पांढऱ्या ठिपक्यात झेंडूचा फिकट पिवळा उतरला होता.

"थांब, आत्ता धुतलं तर निघून जाईल," ती म्हणाली.

निर्गुडीने मान वळवून तो ठिपका नीट पाहिला. मग ती वाळूत बसली आणि रंग पक्का व्हावा म्हणून तो खांदा उन्हाकडे करून राहिली.