महाराजांचं बोट आणि मोटारीचा भोंगा

"वायर सुईच्या भोकातून गेली पाहिजे आणि भोंगा बुरुजावर ऐकू आला पाहिजे! शनिवारपर्यंत जमलं नाही, तर मोटारखान्याची किल्ली ठेवायची आणि राहती खोली रिकामी करायची!"

रंभाजी चोपदाराने ही आरोळी दिली तशी गेनबा वायरमनने कपाळाला हात लावला.

हुकूम अर्थातच रंभाजीचा नव्हता, कोळेगडच्या उदाजीमहाराजांचा होता. पण राजाने आवाज चढवणं म्हणजे त्या घराण्यात कमीपणा. महाराज नुसतं बोट हलवायचे, ओठातल्या ओठात पुटपुटायचे, आणि शेजारी उभा रंभाजी ते असं ओरडायचा की छपरावरची कबुतरं उडायची.

महाराजांच्या तांबड्या मोटारीतून चांदीचा पानडबा दोनदा चोरीला गेला होता. म्हणून त्यांनी मनावर घेतलं, की परक्याने दार उघडलं की मोटारीने बोंब ठोकायची. त्यासाठी भोंगा आणला तोही तीन कर्ण्यांचा. पण मोटारीच्या आतली मखमल कैलासवासी आईसाहेबांनी आपल्या हाताने शिवलेली. तिला सुईपेक्षा मोठं भोक महाराजांना खपणार नव्हतं, आणि दारापासूनची वायर तर त्या मखमलीतूनच न्यायला हवी.

शहरातून इंजिनियर आला. "एवढा भोंगा वीज फार ओढतो. करंगळीएवढी वायर लागेल," म्हणाला आणि चहा पिऊन चालता झाला. गेनबाला बिचाऱ्याला कुठे चालता होता येतंय? त्याने दोऱ्यासारखी बारीक वायर घातली. दार उघडलं, भोंगा एकदा कण्हला, वायर तापून धूर निघाला आणि मखमलीला चार बोटं डाग पडला. महाराज वायरीपेक्षा जास्त तापले आणि मग वरचा हुकूम सुटला.

गेनबाची मुलगी केसर दरबारात बापामागे उभी होती. अंबाड्यात टेस्टर खोचून हिंडणारी, बापाच्या हाताखाली सगळं काम शिकलेली. सगळे महाराजांकडे बघत होते, ही बया मात्र रंभाजीकडे टक लावून बघत होती.

घरी आल्यावर गेनबा भांडी गोणीत भरायला लागला.

"आबा, ती गोणी सोडा आधी. मला सांगा, रंभाजीकाका एवढे ओरडतात, त्याने महाराजांचा घसा बसतो का?"

"तुझं डोकं फिरलंय का, केसर? इथे छप्पर जायची वेळ आली आणि तू घसे कसले मोजतेस?"

केसर तडक बाहेर पडली. मोटारखान्यामागे एक मोडका ट्रक पडून होता. त्यातून तिने काडेपेटीएवढी एक डबी काढली आणि फुंकर मारून पुसली.

शनिवारी अंगणात सगळा दरबार जमला. महाराजांनी भिंग लावून मखमलीचं भोक तपासलं. सुईएवढंच होतं. मग त्यांनी स्वतः मोटारीचं दार उघडलं.

काय तो आवाज! दिवाणजींच्या तोंडातलं पान त्यांच्याच सदऱ्यावर पडलं. बुरुजावरचा पहारेकरी शत्रू आला समजून खाली धावत आला. रंभाजीचा चेहरा तर पडलाच, इतक्या वर्षांत त्याच्या वरचढ कोणी ओरडलं नव्हतं.

महाराजांनी वायरीला हात लावून पाहिला. गार. त्यांना संशय आला. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, तर आत बॅटरीपासून डबीपर्यंत आणि डबीपासून भोंग्यापर्यंत करंगळीएवढी जाड वायर.

महाराज पुटपुटले आणि रंभाजी ओरडला, "ही फसवणूक आहे! भोंगा जाड वायरीने वाजवलाय, बारकीने नाही! किल्ली खाली ठेवा!"

गेनबाने कमरेची किल्ली काढली. केसरने त्याचा हात धरला.

"महाराज, एक विचारू? आत्ता हे कोण बोललं?"

"मी," महाराज पुटपुटले.

"पण आवाज तर रंभाजीकाकांचा होता."

"हुकूम माझा, म्हणजे बोललो मीच. तो नुसता घसा."

"मग तसंच आहे, महाराज. ही डबी म्हणजे रिले. दार उघडलं की बारीक वायर हिच्या कानात नुसतं पुटपुटते. तेवढ्या चिमूटभर विजेने आतलं लोहचुंबक जागं होतं, पट्टी ओढतं आणि जाड वायर जोडली जाते. ओरडायची ताकद भोंग्याला थेट बॅटरीतून मिळते. रंभाजीकाका नाही का, बोट तुमचं बघतात पण जेवतात मुदपाकखान्यात? आता तुम्हीच ठरवा. भोंगा बारक्या वायरीने वाजवला नसेल, तर या गादीवरून आजवर एकही हुकूम तुम्ही दिलेला नाही, सगळे रंभाजीकाकांनी दिले. मग किल्ली त्यांनी मागितली तर देऊ!"

दिवाणजींनी डाग पडलेला सदरा हाताने झाकला. महाराजांनी रंभाजीकडे पाहिलं, रंभाजीने डबीकडे पाहिलं, आणि महाराजांना हसू फुटलं. साधंसुधं नाही, पोट धरून.

हसता हसता त्यांनी बोट हलवलं आणि ओठ हलवले. पण रंभाजीलाही हसण्याची उबळ आली होती, त्याच्या तोंडून शब्द निघेना. महाराजांनी दोनदा बोट हलवलं, तिसऱ्यांदा हलवलं. शेवटी त्यांनी पगडी सावरली, छाती भरून घेतली आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या घशाने ओरडले, "खोली गेनबाची कायमची, आणि मोटारखाना आजपासून केसरचा!"

कबुतरं उडाली.