द्वारकाबाईंच्या गालाचे फोटो

दवाखान्यातले फोटो मोठ्या पाकिटातून घरी आणायचे दिवस होते, तेव्हाची गोष्ट. द्वारकाबाईंचा उजवा गाल ठणकायचा, नाक सदा चोंदलेलं. नाकाच्या डॉक्टरांकडे निघताना त्यांनी आजवर काढलेले सगळे फोटो कापडी पिशवीत कोंबले. रिक्षा हलली आणि पिशवीत भांडण जुंपलं.

"सायनस भरलंय हे पहिल्यांदा मी सांगितलं," एक्स-रे म्हणाला.

"तू नुसता धुरकट ढग दाखवलास," सीटी स्कॅन म्हणाला. "मी हाडांच्या कागदासारख्या पातळ भिंती दाखवतो."

"भिंती घेऊन काय करायचं? आत पाणी साचलंय की मांस वाढलंय, ते मी सांगतो," एमआरआय म्हणाला.

पिशवीचं डोकं उठलं. "अरे, बाईंचा गाल कशाने दुखतो ते बोला ना कुणीतरी. मघापासून नुसतं मी, मी आणि मी."

तिचं कुणी ऐकलं नाही.

डॉक्टरांनी बाईंना विचारलं, "वरची दाढ दुखते का हो?"

"दुखते ना. पण ती दाताच्या डॉक्टरांना दाखवणार होते. तुम्ही नाकाचे."

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला, सीटीचा फोटो उजेडावर धरला आणि खालच्या कडेला बोट टेकवलं. किडलेल्या दाढेच्या मुळाशी हाडाला भोक पडलं होतं, थेट सायनसमध्ये.

परतताना पिशवीने सीटीला विचारलं, "हे तुझ्याकडे आधीपासून होतं?"

"होतं की."

"मग बोलला का नाहीस?"

"असं कसं?" सीटी म्हणाला. "जाताना सगळ्यात जास्त मीच तर बोलत होतो."