इनामदारांची राखण

सारजाच्या परसात एक मुंगूस शिरायचं आणि महिन्या-दोन महिन्यांनी एखादी कोंबडी उचलायचं. तिनं इनामदारांकडे गाऱ्हाणं नेलं. त्यांनी बंदुकीनं मुंगूस मारलं आणि गावभर मिरवलं.

तेव्हापासून दर बाजारच्या दिवशी ते सारजाकडे जेवायला येऊ लागले. राखण करणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? एकेक करून कोंबड्या रश्श्यात गेल्या. उरली एक खुडूक. ती टोपलीत अंड्यांवर बसली होती, पिल्लं निघायला आली होती. इनामदारांच्या गड्यानं सकाळीच येऊन तिला उचललं आणि पाय बांधून चुलीपाशी टाकलं.

दुपारी इनामदार पाहुण्यांना घेऊन ओसरीवर बसले. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "सारजे, मुंगसाच्या तावडीतून तुला आम्ही सोडवलं. आणखी काय हवं ते माग. पाहुण्यांसमोर शब्द देतो."

"सरकार, मला ते मुंगूस परत द्या."

इनामदार खदाखदा हसले. "खुळी का काय तू? कोंबड्या खायचं ना ते?"

"खायचं की. पर माझीच कोंबडी खाताना मलाच वाटण वाटायला कधी बसवलं न्हाई त्यानं."

आता पाहुणे हसले. इनामदार न जेवताच उठले, ते पुन्हा त्या दारात आले नाहीत.

सारजानं कोंबडीचे पाय सोडले. ती धावत टोपलीत गेली आणि पिसं फुगवून अंड्यांवर बसली. अंडी केव्हाच गार पडली होती.