जवळचं भाडं

समुद्राकाठी एक गाव होतं. एरवी शांत, पण सुट्टी लागली की किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा उरत नसे. उंट, घोडागाड्या, भेळवाले, शहाळीवाले, आणि या सगळ्यांतून वाट काढणाऱ्या रिक्षा. त्यांतली एक कमळाकरची.

एसटी स्टँडबाहेर रिक्षांची रांग लागे. ज्याचा नंबर पहिला, त्यानं येईल ते भाडं घ्यायचं. किल्ला, दीपगृह, बाजार असं सगळं गाव दाखवायचं भाडं मिळालं तर दिवस सत्कारणी लागे. जवळचं मिळालं तर नंबर फुकट जाई. परत येऊन रांगेच्या शेवटाला उभं राहायचं. म्हणून रिक्षावाल्यांनी एक युक्ती काढली होती. जवळचं गिऱ्हाईक आलं की हसून सांगायचं, "अहो, इथंच आहे. रिक्षा कशाला? समुद्र बघत वाळूवरून चालत जा." गिऱ्हाईक उलट आभार मानून जाई.

कमळाकरला हे फार छान जमे. त्याचा जोडीदार नथू म्हणायचा, "कमळ्याचं 'इथंच' ऐकून माणूस विलायतेलासुद्धा चालत निघेल!"

त्या वर्षी कमळाकरची बायको यमुना अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं, त्यातच सगळं आलं. यमुना घाटावरची. घरच्यांचं न ऐकता तिनं कमळाकरशी लग्न केलं होतं आणि तेव्हापासून माहेर तुटलं होतं. थोरला भाऊ सर्जेराव यानं तर मेहुण्याचं तोंडही कधी पाहिलं नव्हतं. आता तिला एकच आस उरली होती, भाऊ एकदा डोळ्यांना दिसावा. शेजारच्या गुलाबकाकीच्या फोनवरून तिनं त्याला बोलावलं. नवऱ्याला मात्र कळू दिलं नाही. तो चिडेल, अशी तिला भीती होती.

रविवारी सकाळी ती कमळाकरला म्हणाली, "आज घरी थांबा ना."

"सीझन आहे गं. एक भाडं मारतो आणि आलोच."

त्याचा नंबर पहिला आला तेव्हा ऊन चढलं होतं. एवढ्यात एसटीतून एक धोतरवाला पाहुणा उतरला. रात्रभराच्या प्रवासानं त्याचा चेहरा उतरला होता.

"पाव्हणं, पिंपळेश्वराच्या देवळाकडं जायचंय. चलताय का?"

कमळाकरचं घर त्याच देवळामागे होतं. त्याच्या मनात क्षणभर आलं, जावं, यमुनेलाही बघून यावं. पण पाहुण्याच्या मागे टोप्या, गॉगल घातलेलं एक कुटुंब किल्ल्याची चौकशी करत उभं होतं.

"देऊळ ना? अहो, इथंच आहे. वाळूवरून सरळ चालत जा."

"लई लांब न्हाई न्हवं? जरा घाई हाय."

"छे हो! बोलता बोलता पोचाल."

पाहुणा हात जोडून निघाला. वाटेत खाडी आडवी येते आणि भरती असली की ती पायी ओलांडता येत नाही, हे सांगायचं कमळाकरला सुचलंसुद्धा नाही. त्यानं कुटुंबाला रिक्षात बसवलं.

दीपगृहापाशी असताना गुलाबकाकीचा फोन आला. "असशील तसा ये."

तो पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. गुलाबकाकी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "सकाळपासून दाराकडे बघत होती रे. भाऊ यायचा होता तिचा, देवळाची खूण सांगितली होती त्याला. शेवटपर्यंत विचारत होती, आला का, आला का."

 कमळाकर यमुनेच्या उशाशी बसला.

थोड्या वेळानं दारात एक माणूस उभा राहिला. धोतर कमरेपर्यंत ओलं, चपला हातात, श्वास लागलेला. खाडीच्या पाण्यात उतरून पाहून, अखेर लांबच्या पुलावरून वळसा घालून तो आला होता.

गुलाबकाकी त्याच्यावर तुटून पडली. "आता उगवलास होय? बहीण बोलत होती तोवर तुझा पाय उचलला नाही. आता कुणाला भेटायला आलास?" बाकीच्या बायकाही कुजबुजू लागल्या.

सर्जेरावाची नजर बहिणीवर गेली, मग उशाशी बसलेल्या माणसावर. त्यानं सकाळचा रिक्षावाला ओळखला.

'त्यांचा दोष नाही, मीच चालत पाठवलं,' एवढं एक वाक्य पुरे होतं. कमळाकरनं तोंड उघडलं आणि मिटलं.  सर्जेराव बायकांकडे वळून म्हणाला, "वाट चुकली माझी." आणि बहिणीच्या पायाशी बसला.

दिवसकार्य आटोपून तो गेला, तो पुन्हा आला नाही. अजूनही यमुनेची आठवण निघाली की गावातल्या बायका त्या भावाला बोल लावतात. कमळाकर ओट्यावर बसून ऐकतो आणि मान खाली घालतो. लोकांना वाटतं, बायकोच्या दुःखानं बिचाऱ्याच्या तोंडून शब्द फुटत नाही.

तात्पर्य: आपल्या सोयीसाठी परक्याला खोटी वाट सांगू नये, तो कुणाच्या ओढीनं निघाला आहे, हे आपल्याला ठाऊक नसतं. आणि चूक उमगल्यावरही जो गप्प राहतो, त्याच्या वाटणीचा बोल निरपराध माणसाला सोसावा लागतो.